याला आंघोळ चालेल का?

“रडले का?” मीटरसाहेबांनी चपला काढता काढता दारातच हळू आवाजात विचारलं.

“नाही अजून,” लेक म्हणाली. नळाला पाणी आलं का, असं कोणी विचारल्यासारखं तिने सांगितलं.

“आणि जेवणखाण?”

“जेवतात. ताट पुढे ठेवलं की जेवतात, उचललं की थांबतात. काल चहात साखर घालायची राहिली, तोही प्याले. काही बोलले नाहीत.”

“हे काही बरं लक्षण नाही,” मीटरसाहेब म्हणाले. कवळीकाका बिनसाखरेचा चहा मुकाट्याने पितात, यावर त्यांचा विश्वास बसेना. याच माणसाने एकदा साखर कमी पडली म्हणून तिकीट मंडळाची वार्षिक सभा तहकूब करायला लावली होती.

कवळीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेल्यावर पाळण्यातलं नाव कोणाच्या लक्षात राहतं? अर्धं गाव त्यांच्या दातांनी जेवत होतं आणि उरलेलं अर्धं त्या वयाला येण्याची वाट बघत होतं. त्यांनी बसवलेल्या कवळीने एका नव्वदीच्या म्हाताऱ्याने पैज लावून अक्रोड फोडला होता म्हणे. म्हातारा पुढच्या महिन्यात गेला, पण कवळीला चरासुद्धा पडला नव्हता, आणि त्याच्या थोरल्या मुलाने ती आपल्याला बसते का हे हळूच बघून घेतलं होतं. काका ही गोष्ट स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कोणी सांगू लागलं तर मात्र अक्रोडाचा आकार दुरुस्त करत.

दातांनंतर त्यांचा जीव होता तो टपालाच्या तिकिटांवर. तीही सगळ्या जगाची नव्हेत. ज्या मुलखांवर इंग्रजांचा सूर्य मावळतच नसे आणि मग एकदाचा मावळला, तेवढ्याच मुलखांची. गोल्ड कोस्ट, सेशेल्स, लाबुआन, सेंट हेलेना. घरापासून बाजारापर्यंत जाताना रस्ता चुकणारा हा माणूस, फॉकलंडहून निघालेलं पाकीट कोणत्या बंदराला लागून कुठे पोचेल हे झोपेत सांगत असे.

मीटरसाहेब आत आले. ते वीज कंपनीत मीटर तपासायला होते. घरोघरच्या जिन्याखाली बत्ती घेऊन वाकायचं आणि आकडे उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. पण जिन्याखाली नुसते मीटर नसतात, जुन्या ट्रंकाही असतात, आणि जुन्या ट्रंकांत जुनी पत्रं असतात. मंडळातले लोक म्हणत की साहेब आधी ट्रंक बघतात आणि वेळ उरला तर मीटर.

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं, कालचं.

“बसा,” काका म्हणाले.

मीटरसाहेब बसले. सांत्वन करायचं असतं तेव्हा काय बोलायचं हे त्यांनी रस्त्यात पाठ केलं होतं, ते सगळं जिन्यातच सांडलं. थोडा वेळ त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग खिशातून पारदर्शक कागदाची एक पुडी काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली.

“घ्या.”

“काय?”

“तेच.”

पुडीत पाकिटाचा फाडलेला कोपरा होता, आणि कोपऱ्यावर जांभळा सहा पेन्स.

आता हा जांभळा सहा पेन्स म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नकाशावर माशी बसली तर अख्खं झाकलं जाईल असं एक बेट आहे. त्याचं खरं नाव काकांना पाठ होतं, पण काकू त्याला ‘माशीचं बेट’च म्हणायच्या आणि मंडळातही तेच रूढ झालं होतं. त्या बेटाने राणीच्या काळात एक संच काढला. काकांच्या अल्बमात त्या संचाचं एक पान होतं, आणि पानावर सगळी तिकिटं होती, एक सोडून. मधोमध रिकामी जागा, समोरचा दात पडल्यासारखी. ज्या माणसाने लोकांच्या तोंडातल्या फटी बुजवण्यात जन्म घालवला, त्याला आपल्याच घरातली ही फट दिसली की जीभ सारखी तिथे जावी तसं व्हायचं.

त्या फटीत बसणारं तिकीट गावात एकाकडेच होतं. ते मीटरसाहेबांना कुठल्याशा जिन्याखाली सापडलेलं. काकांनी काय काय देऊ केलं नाही? अख्खं झांझिबार देऊ केलं. साहेबांच्या आईची कवळी फुकट करून दिली, वर एक जास्तीची. साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, “मी गेल्यावर मागा.”

यावर काकू चहा पुढे करत म्हणायच्या, “थांबतील हो हे. चिवट आहेत. तुमचं मीटर बंद पडेपर्यंत थांबतील.”

“आणि यांचंच आधी पडलं तर?”

“मग मी येईन मागायला.”

तिघेही हसायचे. आधी कोण जाणार यावर मंडळातही खुशाल थट्टा चालायची, कधी काका, कधी साहेब. काकूंचं नाव त्या थट्टेत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काकांनी पुडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं.”

एवढंच. सगळी उमर ज्याच्यासाठी माणसाने नाक घासलं, ते मांडीवर येऊन पडलं, आणि माणूस म्हणतो, बरं. हाच शब्द त्यांनी इस्पितळातही उच्चारला होता. नर्स बाहेर आली, तिने खांद्यावर हात ठेवला आणि काकू गेल्याचं सांगितलं. काका तेव्हा तिच्या टेबलावरच्या पाकिटाकडे बघत होते. कोणीतरी तिकीट उलटं चिकटवलं होतं. “बरं,” ते म्हणाले होते.

“भिंगातून बघा तरी!” मीटरसाहेब जवळजवळ रागावलेच. “एवढे दिवस डोकं खाल्लंत माझं.”

“बघतो नंतर.”

“रविवारी येतो. पुढच्या. लावून ठेवा पानावर, मला बघायचंय.”

“या.”

दारात साहेबांनी चपला उलट्या पायांत घातल्या. “मला वाटलं होतं, हे बघून तरी रडतील,” ते लेकीला म्हणाले.

“काय होतं ते, मीटरकाका?”

“काही नाही गं. राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसा माझा पोपट होता एक. दिला.”

लेक दुसऱ्या गावाहून आली होती. काकांना बरोबर घेऊन जायचं तिने ठरवलं होतं, आणि काकांनी त्यालाही ‘बरं’ म्हटलं होतं. ती दिवसभर घर आवरत होती. आवरता आवरता तिला टेबलावर सांत्वनाची पाकिटं दिसली, सगळ्यांचे वरचे उजवे कोपरे कातरलेले.

“बाबा! अहो, सांत्वनाची पत्रं आहेत ही!”

“पत्रं ठेवलीत. कोपरे तेवढे घेतले.”

“कोणी बघितलं तर काय म्हणेल?”

“तुझ्या आत्याने चांगलं तिकीट लावलंय,” काका म्हणाले. कौतुकाने नव्हे, नुसतं आपलं असंच.

लेकीने कपाळाला हात लावला. तिला सवय होती. ती स्वतः पाळण्यात असताना तिने एक तिकीट गिळलं होतं, सेंट हेलेनाचं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की तिला त्याची चवसुद्धा आठवते असं वाटे. डॉक्टर म्हणाले, काही होत नाही, आपोआप येईल. काका दोन दिवस कवळ्यांचं दुकान बंद ठेवून पाळण्यापाशी बसले. काकूंनी विचारलं, “अहो, पोरगी महत्त्वाची की तिकीट?” काका म्हणाले, “पोरगी आहेच की समोर.” तिसऱ्या दिवशी तिकीट आलं. नाकाला पदर लावून काकूंनी ते चिमट्यात धरलं आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, “अहो, याला आंघोळ चालेल का?”

“चालेल,” काकांनी बाहेरून सांगितलं.

ते तिकीट आजही अल्बमात आहे. कोणतं, ते मंडळात कोणालाही सांगितलेलं नाही. भिंग लावून त्याची तारीफ केलेले लोक आहेत.

त्या दिवसापासून पाण्याचं खातं काकूंकडे आलं ते आलंच. रविवारी दुपारची भांडी झाली की त्या निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं तसराळं काढायच्या. कोमट पाणी घ्यायच्या. तान्ह्या मुलासाठी बघतात तसं कोपर बुडवून बघायच्या. मग पाकिटांचे कोपरे एकेक करून उचलायच्या. पाण्यात घातले की गोंद सुटतो आणि तिकीट आपसूक कागदापासून वेगळं होऊन तरंगू लागतं. पण सगळ्यांनाच पाणी सोसत नाही. जुन्या काळी लोक तिकिटावरचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरत. त्यावर उपाय म्हणून काही वसाहतींची हिरवी आणि जांभळी तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापली. पाणी लागलं की शिक्क्याबरोबर राणीही जाते. मंडळात त्या शाईला ‘रडकी शाई’ म्हणत. काकांचं त्यावर भाषणच होतं, नव्या सभासदाला ऐकावंच लागे. ‘हिरव्या-जांभळ्याला पाणी दाखवायचं नाही,’ हे शेवटचं वाक्य म्हणताना ते बोट वर करत.

काकूंनी भाषण कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते लागतही नव्हतं. त्या आपल्या प्रत्येक कोपऱ्याला विचारायच्या, “याला आंघोळ चालेल का?” आणि बाहेरच्या खोलीत अल्बमावर वाकलेले काका मान वर न करता सांगायचे, “चालेल.” पुन्हा प्रश्न, पुन्हा “चालेल.” मध्येच, “याला नको.” त्यांना कसं कळायचं कोण जाणे. काकू नुसतं “हा बुटका” किंवा “ही शेंबडी राणी” म्हणायच्या, आणि काकांना नेमकं ते तिकीट डोळ्यांसमोर दिसायचं. आणि पानावर तिकिटांखालची अक्षरं काकूंचीच. काकांचं अक्षर म्हणजे दातदुखीवाल्याच्या आरोळीसारखं. माशीच्या बेटाच्या पानावर रिकाम्या जागेखालीसुद्धा त्यांनी केव्हाच लिहून ठेवलं होतं, ‘सहा पेन्स. जांभळा.’ म्हणाल्या होत्या, “आज ना उद्या येईलच. तेव्हा माझा हात कापत असला तर?”

तर मीटरसाहेब येऊन गेले तोही रविवारच होता. दुपारी लेक पेट्या बांधायला सुतळी आणायला बाहेर गेली. घरात कोणी नव्हतं. काका उठले. का उठले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रविवारची दुपार होती, पाय उठले.

तसराळं खिळ्यावर होतं. किटलीत लेकीने चहासाठी उकळलेलं पाणी होतं, ते त्यांनी ओतलं. कोपर बुडवलं नाही. टेबलावरचे सगळे कोपरे, आत्याचा, शेजाऱ्यांचा, कवळी कारखान्याचा, आणि पुडीतला, ओंजळीत घेतले आणि पाण्यात सोडले. मग हात पुसून ते बाहेरच्या खोलीत आले, अल्बम उघडला, चिमटा हातात घेतला आणि वाकून बसले.

ते वाट बघत होते. कशाची, ते ध्यानात यायला त्यांना फार वेळ लागला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. उन्हाचा पट्टा टेबलावरून जमिनीवर उतरला. स्वयंपाकघरातून कोणी काही विचारत नव्हतं.

लेक आली, आत गेली.

“बाबा, तसराळ्यात हे जांभळं पाणी कसलं? पेन फुटलं का कुठे?”

काका उठून दारापर्यंत गेले. सांत्वनाची तिकिटं मजेत तरंगत होती, त्यांना काही झालं नव्हतं. त्यांच्यामध्ये एक पांढरा तुकडा होता.

“याला नको होतं,” काका म्हणाले.

“कशाला?”

काकांनी चिमट्याने तुकडा उचलला आणि टिपकागदावर ठेवला. चार बाजूंचे दाते सगळे जागच्या जागी होते. एकही तुटला नव्हता. त्या दात्यांच्या आत राणी नव्हती, सहा नव्हता, पेन्स नव्हता.

“बाबा, काय झालं? हे मीटरकाकांनी दिलेलं का?”

“हो.”

“अहो पण तुम्हाला तर माहिती आहे सगळं! तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, हिरव्या-जांभळ्याला...”

“माहिती आहे.”

“मग?”

“तुझी आई विचारायची,” ते म्हणाले. “विचारलं की सांगायचो. आज कोणी विचारलं नाही.”

लेक ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. काका बघत राहिले. शेजारच्या घरात नळ चालू राहिल्यासारखा तो आवाज त्यांना येत होता. आपण उठून बंद करावा का, आणि कसा, ते त्यांना कळेना. त्यांनी टिपकागद उचलून पंख्यापासून लांब ठेवला.

पुढचा रविवार आता डोक्यावर होता. मीटरसाहेब येणार, पान बघणार. ज्याने आपला जीव काढून दिला, त्याला काय दाखवायचं?

“अल्बम पेटीत बांधून टाकला म्हणा,” लेक म्हणाली. “मी सांगते हवं तर.”

“तो पेटी उघडेल. जिन्याखालच्यासुद्धा उघडतो.”

मधल्या एका दिवशी काकांनी दुकानातला डबा काढला. कवळीच्या दातांना रंग जुळवायचे बारीक कुंचले त्यात होते. माणसाचा दात नुसता पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, टोकाला निळसर, विडी ओढणाऱ्याचा आणखी वेगळा. काकांनी असे हजारो रंग जुळवले होते. एक जांभळा जुळवायला कितीसा वेळ? राणीचं डोकं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी बशीत रंग कालवला. कालवला तो तंतोतंत जमला, तसूभरही इकडेतिकडे नाही. मग बराच वेळ ते त्या रंगाकडे बघत बसले, आणि बशी नेऊन नळाखाली धरली.

“का हो?” लेकीने विचारलं.

“खोटा दात बसवतात तो चावायला,” काका म्हणाले. “हे कोणाला चावायचंय?”

लेकीला वाटलं, बाबांनी विनोद केला. तिने आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

रविवारी मीटरसाहेब आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं भिंग घेऊन. “चहा नंतर,” ते म्हणाले. “आधी दर्शन.”

अल्बम टेबलावर होता. काकांनी पान उघडलं आणि खुर्ची साहेबांकडे सरकवली. स्वतः उभे राहिले.

संच पुरा झाला होता. फट बुजली होती. मधोमध, इतर तिकिटांच्या रांगेत, सुतात लावलेला पांढरा तुकडा होता.

लेक स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन थांबली. तिला मीटरकाकांचा आवाज ठाऊक होता. मंडळाच्या सभेत तो खाली सायकलच्या दुकानापर्यंत ऐकू येई.

मीटरसाहेबांनी भिंग लावलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दाते तपासले. मग भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“कढत पाणी?” त्यांनी विचारलं.

“कढत.”

“हं.”

त्यांनी पान अल्बमातून सोडवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. उजेड कागदातून आरपार आला. कागद बनतानाच त्याच्या आत उमटवलेली खूण असते, तिकीट छापलं की ती रंगाखाली दबून जाते. ती बघायला हे लोक काय काय द्राव टाकतात, कुठल्या कुठल्या कोनात माना वाकवतात, आणि तरीही बहुतेक वेळा ‘दिसली बुवा’ असं खोटंच सांगतात.

“मुकुट काय स्वच्छ दिसतोय हो,” मीटरसाहेब म्हणाले.

काका जवळ गेले.

“खालची दोन अक्षरंसुद्धा. बघा ना. माझ्याकडे इतकी वर्षं होता, मला कधी दिसला नाही.”

काकांनी त्यांच्या हातातलं भिंग घेतलं. दोन म्हातारे एका कागदाला दोन्हीकडून धरून खिडकीत उभे राहिले. मुकुट होता. पाण्याने त्याला काही केलं नव्हतं.

“दिसतोय,” काका म्हणाले.

“खाली हे ‘जांभळा’ लिहिलंय,” थोड्या वेळाने साहेब चाचरत म्हणाले. “मंडळाच्या नियमाप्रमाणे...”

“तिचं अक्षर आहे.”

“मग राहू दे,” साहेब घाईने म्हणाले. “मंडळाला काय कळतंय. गेल्या वर्षी त्यांनी तुमच्या त्या सेंट हेलेनाला पहिलं बक्षीस दिलं.”

लेकीच्या हातातला चहा हिंदकळला. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पान जपून अल्बमात अडकवलं.

मीटरसाहेब दोन कप चहा प्याले आणि गेले. जाताना भिंग न्यायचं विसरले, की ठेवून गेले, ते काही कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीला अजून अवकाश होता. लेक आत शेवटची पेटी भरत होती, भांड्यांचा आवाज येत होता. काका टेबलाशी बसून त्या पानावर वाकले होते.

“बाबा,” आतून लेकीने विचारलं, “हे तसराळं घ्यायचं ना? तळाशी जांभळं कडं बसलंय, जात नाहीये. राखेने घासून काढू का?”

“नको,” काका मान वर न करता म्हणाले. “त्याला नको.”

आतला आवाज थांबला. मग कोरडा वर्तमानपत्राचा कागद उलगडल्याचं ऐकू आलं. लेक तसराळं होतं तसंच गुंडाळत होती.